बेटावरच्या कोंबड्या बागेत सोडल्या तो दिवस

कोंबड्या सोडायच्या त्या काढणी आटोपून पाऊस ओसरल्यावरच, हे मी आधीपासून धरून होतो. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला होमस्टेडजवळ रेडलँड नावाचा शेतीचा पट्टा आहे. तिथल्या एका आंबा-ॲव्होकॅडोच्या बागेची देखभाल माझ्याकडे आहे. आमचा आंबा साधारण जूनपासून ऑगस्टपर्यंत उतरतो. त्या दिवसांत झाडांखाली कोंबड्या फिरू देत नाही. काढलेल्या फळाला विष्ठेचा संसर्ग झाला तर माल गेलाच. ऑक्टोबरअखेर मात्र आंब्याचा भाग मोकळा असतो. की-वेस्टहून आणलेल्या नऊ कोंबड्या आणि दोन कोंबडे यांच्यासाठी जाळीचं दार उघडलं ते त्याच सुमारास, एका शनिवारी सकाळी.

या कोंबड्या कुणाच्या पाळीव नव्हत्या. की-वेस्ट हे फ्लोरिडाच्या बेटांच्या माळेतलं शेवटचं शहर. क्यूबा तिथून जेमतेम दीडशे किलोमीटरवर. एकोणिसाव्या शतकात सिगार वळणारे कारागीर क्यूबातून तिथे आले आणि त्यांच्याबरोबर झुंजीचे कोंबडेही आले. अंड्यांसाठी, रश्श्यासाठी घरोघरी कोंबड्या होत्याच. पुढे दुकानात साफ केलेली कोंबडी मिळायला लागली, १९८६ साली फ्लोरिडात झुंजींवर बंदी आली, आणि खुराडी ओस पडली. कोंबड्या मात्र राहिल्या. आज त्या ड्यूव्हाल स्ट्रीटवर हॉटेलांच्या खुर्च्यांखाली, चर्चच्या आवारात, पार्किंगमध्ये पिल्लं घेऊन हिंडतात. पर्यटक फोटो काढतात. ज्याच्या खिडकीबाहेरच्या झाडावर कोंबडा बसतो त्याची झोप मात्र पहाटे तीनला उडते. २००४ साली शहराने कोंबड्या पकडण्यासाठी एका न्हाव्याला नेमलं, दर कोंबडीमागे २० डॉलर ठरवून. काही महिन्यांत ती योजना गुंडाळली गेली. २०२१ पासून त्यांना दाणे टाकायलाही बंदी आहे. ज्यांना त्रास होतो ते पिंजरा लावतात आणि सापडलेली कोंबडी तिथल्या वन्यजीव केंद्रात नेऊन देतात. मग कुणी शेतकरी दत्तक घ्यायला तयार असेल तर तिची रवानगी मुख्य भूमीवर होते. मी लिहूनच दिलं होतं की या कापायला नेत नाही आणि झुंजीलाही नाही.

मला त्या हव्या होत्या फळमाशीसाठी. इथली कॅरिबियन फळमाशी फळात अंडी घालते. अळी मोठी झाली की फळ सोडून जमिनीत शिरते आणि तिथे कोष करते. पालापाचोळा उकरून ते कोष वेचणारं कोंबडीइतकं चोख कुणी नाही. रत्नागिरीला आमच्या कलमांखाली आईच्या कोंबड्या हेच करायच्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठात मी कीडशास्त्र शिकलो ते त्यानंतर. (आमच्या बागेत हेडन जातीच्या आंब्याची काही जुनी झाडं आहेत. हेडन निघाला मलगोबाच्या कोयीतून, आणि तो मलगोबा १८८९ साली भारतातून फ्लोरिडात आलेला. त्या झाडांखाली कोंबड्या उकरताना पाहायच्या, ही माझी मनापासूनची इच्छा होती.)

उन्हात गाडीत कोंबड्या धापा टाकतात आणि दगावतातही, म्हणून त्यांना रात्री आणलं. दोनशे किलोमीटरचा रस्ता, बेटाबेटांवरून आणि समुद्रावरच्या पुलांवरून. आणल्यावर महिनाभर वेगळं ठेवलं. आमच्याकडे आधीपासून तांबड्या जातिवंत कोंबड्या होत्या, त्यांना कुठला रोग लागू नये म्हणून. दोघींच्या पायांवरचे खवले गोचिडीसारख्या बारीक किडीने उचलले गेले होते, त्यांना रोज व्हॅसलीन चोळलं. डॉक्टरांनी विष्ठा तपासून जंतांचं औषध दिलं, देवीची लस टोचली. दोन्ही कोंबड्यांच्या मध्ये... म्हणजे त्या दोन नरांच्या मध्ये जाळी घातली, कारण रक्तातली झुंज एका महिन्यात जात नाही.

महिनाभर कोंडण्याचं खरं कारण वेगळं आहे. कोंबडी जिथे झोपते ते तिचं घर. बेटावर त्यांची अख्खी हयात झाडावर झोपण्यात गेलेली. आणल्या आणल्या सोडल्या असत्या तर संध्याकाळी पहिलं उंच झाड गाठलं असतं आणि पुन्हा हाताला लागल्या नसत्या. कुंपणाचा काही उपयोग नाही, त्या सहज छपरावर जातात. पंख कातरायचा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. मी तो मानला नाही. या पट्ट्यात रॅकून आहेत, रानमांजरं आहेत, पलीकडच्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीतून अजगर येतात. उडून जीव वाचवणाऱ्या पक्ष्याचे पंख कातरून त्याला अशा जागी सोडणं मला क्रूर वाटतं.

तर त्या सकाळी दार उघडलं आणि कुणीच बाहेर आलं नाही. आमच्याकडे काम करणारे ग्वाटेमालाचे एक वयस्क गृहस्थ आहेत, कोंबड्यांतच वाढलेले. ते म्हणाले, "तुम्ही दारापासून दूर व्हा. त्यांना तुमच्या पाठीमागचं बघायचंय." आम्ही दोघं मागे शेडपाशी जाऊन उभे राहिलो. बऱ्याच वेळाने थोरला कोंबडा उंबऱ्यावर आला. मान वाकडी करून एका डोळ्याने आभाळ पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने. पुढे आला, पाला उकरला, चोचीत काहीतरी धरलं आणि खाली टाकलं. पुन्हा उचललं, पुन्हा टाकलं, घशातून कुकुक असा आवाज काढत. तो आवाज ऐकून कोंबड्या एकामागून एक बाहेर पडल्या. पहिला किडा त्याने स्वतः खाल्ला नाही.

दुपारपर्यंत त्या हेडनच्या ओळीत पोचल्या होत्या. आमच्या तांबड्या कोंबड्याही आसपासच होत्या. मी कोवळ्या कलमांभोवती जाळी गुंडाळत होतो. रेडलँडची जमीन म्हणजे फोडलेला चुनखडीचा दगड, माती नावापुरती, मुळं अगदी वर. तिथे कोंबडीने आच्छादन उकरलं तर कलम वाळतं. एवढ्यात थोरल्या कोंबड्याने एक लांब, चिरका आवाज काढला. आरवणं नव्हे, कलकलाट नव्हे, एकच बारीक सूर. मी मान वर करेपर्यंत बेटावरच्या नऊच्या नऊ कोंबड्या दिसेनाशा झाल्या होत्या. केळीच्या बुंध्यात, ट्रॉलीखाली, गवतात, जिथे होत्या तिथे दडून निश्चल. वरून कूपर्स हॉक आला, आपल्या शिक्र्याचाच मोठा भाईबंद, कोंबड्या मारण्यात पटाईत. आमच्या तांबड्या उघड्यावर माना वर करून उभ्या. त्यांच्या आधीच्या पिढ्या मशिनीत उबलेल्या, त्यांना या सुरावर दडायची सवयच नव्हती. मी ओरडत, हातातली जाळी फिरवत धावलो. हॉक एकीच्या पाठीला घासून गेला, मूठभर पिसं उडाली, पण पकड बसली नाही. ती वाचली.

माझं काळीज धडधडत होतं, पण त्याच वेळी माझ्या मनात एक गोष्ट लख्ख झाली. दर शरद ऋतूत शिकारी पक्ष्यांचे थवे याच बेटांच्या माळेवरून दक्षिणेला जातात. म्हणजे की-वेस्टच्या कोंबड्यांची दर वर्षी या शिकाऱ्यांशी गाठ पडते. ज्यांना आभाळ वाचता आलं नाही त्या मागे उरल्या नाहीत. शहराने उपद्रव म्हणून दिलेले हे पक्षी आमच्या बागेतले सर्वांत जाणते पक्षी होते. "भटक्या कोंबड्यांना आसरा दिलास" असं कौतुक मला बरेच जण करतात. मला ते पटत नाही. बागेला राखणदार मिळाले, असं मी म्हणतो.

संध्याकाळी खुराड्यात दाणे टाकून मी आईसारखं "बा बा बा" करून हाकारलं. दोन्ही कोंबडे आले, आठ कोंबड्या आल्या. काळ्या पिसांची एक आली नाही. अंधार पडता पडता ती हेडनच्या वरच्या फांदीवर दिसली. मी शिडी काढली. ग्वाटेमालाचे गृहस्थ म्हणाले, "राहू द्या, एका रात्रीत काही होत नाही." आईला फोन लावला. ती म्हणाली, "अरे, एका रात्रीची सवय लागली तरी ती तुझी नाही राहायची. काढ तिला खाली."

अंधारात कोंबडी बधिर होते, पळत नाही. मी वर गेलो, दोन्ही पंख अंगाशी दाबून तिला उचललं. तिने फक्त एकदा कुरकुर केली. तिला खाली आणून खुराड्यातल्या दांडीवर इतरांच्या शेजारी ठेवलं.

असं तिच्याबाबत बरेच दिवस करावं लागलं. मग एका संध्याकाळी ती आपण होऊन आत गेली, पुढे पुन्हा चार दिवस बाहेर. आता ती थंडीत आत झोपते आणि उन्हाळ्यात झाडावर, आणि मी शिडी काढणं सोडलं आहे. तांबड्या कोंबड्या त्या सुरावर पळायला शिकल्यात. एकीने पाहून दुसरीने, अशा. धाकटा कोंबडा शेजारच्या पेरूच्या बागेत दिला, कारण जाळी काढल्यावर दोघांचं जमेना. मालकांनी परवा विचारलं, अजून आणायच्या का. मी म्हटलं, आणूया, पण फक्त कोंबड्या, आणि काढणी झाल्यावरच.