तुम्ही विचारलंत म्हणून: पापाची कबुली आणि उपकारस्तुती एकाच तोंडातून कशी निघते?

हा प्रश्न मला वर्षातून तीन-चार वेळा तरी येतो. कधी ऑफिसमधली एखादी मैत्रीण रविवारी माझ्यासोबत चर्चमध्ये उपासनेला येऊन बसते आणि बाहेर पडताना विचारते, कधी आमच्याच तरुण संघातली मुलं विचारतात. प्रश्न साधारण असा, की तुम्ही लोक आधी मान खाली घालून आम्ही पापी आहोत म्हणता आणि पुढच्या दहा मिनिटांत उभं राहून उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानणारी, गाणी म्हणता, हे दोन्ही एकाच माणसाला कसं जमतं? ज्याला खरंच अपराधी वाटतंय त्याला आभार मानायला सुचेल का, आणि जो एवढा आनंदात गातोय त्याला खरंच पश्चात्ताप झालाय का?

मी बरीच वर्षं याचं उत्तर पाठ केल्यासारखं द्यायचे. आधी पश्चात्ताप, मग क्षमा, मग कृतज्ञता, जिन्याच्या पायऱ्यांसारखं. आता तसं सांगत नाही, कारण माझ्या बाबतीत ते उलट्या क्रमाने घडलं आणि नंतर बायबल उघडून बघितलं तर तिथेही कितीतरी जणांचं असंच उलटं झालेलं दिसलं.

माझी आई शेवटचे अकरा महिने अंथरुणाला खिळून होती. ती भावाकडे होती, म्हणजे खरं सांगायचं तर वहिनीकडे होती, कारण भाऊ सकाळी जायचा तो रात्रीच घरी यायचा. मी दुसऱ्या शहरात, महिन्यातून एकदा, फार तर दोनदा जायचे, दोन दिवस राहायचे आणि त्या दोन दिवसांत मला फक्त काय राहिलंय तेवढंच दिसायचं. चादर का नाही बदलली, नखं किती वाढलीत, सूप एवढं पातळ का. आणि हे वहिनीच्या तोंडावर कमी, मावशीला फोनवर जास्त. "आईकडे नीट लक्ष नाही गं तिथे," हे वाक्य मी मावशीला सांगितलं, मामेबहिणीला सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज काळजीचा असायचा त्यामुळे मलाही ते काळजीच वाटायचं.

आई गेली. निरोपाच्या उपासनेत कुटुंबातर्फे मी बोलले. देवाचे आभार मानले, चर्चच्या पाळकांचे, डॉक्टरांचे, आळीपाळीने येऊन आईपाशी प्रार्थना करणाऱ्या मंडळीतल्या बायकांचे, गाडी देणाऱ्या शेजाऱ्यांचे सुद्धा. वहिनीचं नाव घेतलं नाही. विसरले नव्हते. ती दुसऱ्या रांगेत बसली होती, मला समोर दिसत होती, आणि मी कागदावरचं पुढचं नाव वाचलं.

काही महिन्यांनी ते टोचायला लागलं. प्रार्थनेत देवाजवळ कबूल केलं, रडलेसुद्धा. मग वहिनीला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला, "वहिनी, माझं काही चुकलं असेल तर माफ कर." तिचे दोन हात जोडलेले आले. मला वाटलं झालं, विषय संपला. पण त्या मेसेजमध्ये "असेल तर" असे दोन शब्द होते आणि त्या दोन शब्दांनी मी मला स्वतःला अलगद सोडवून घेतलं होतं, कारण काय चुकलं ते मी सांगितलंच नव्हतं, ते शोधायचं कामही तिच्यावरच टाकलं होतं.

मग एक दिवस कुठल्यातरी फॉर्मसाठी आईच्या रिपोर्टांची फाईल माझ्याकडे आली आणि त्या फाईलमध्ये एक वही होती. साधी, शाळेची, लांब वही. वहिनीच्या अक्षरात प्रत्येक पानावर पट्टीने रेघा मारून रकाने केलेले. वेळ, औषध, पाणी किती, लघवी किती, आणि शेवटचा रकाना "कूस". मला आधी कळेचना कूस म्हणजे काय. रात्री १० डावी. १२ उजवी. २ डावी. ४ उजवी. सकाळी ६ पाठ. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर दाबाच्या जागी रक्त पोचत नाही आणि जखमा होतात, बेडसोअर. हे मला माहीत होतं. अकरा महिन्यांत आईच्या पाठीवर एकही जखम झाली नव्हती, हेही मला माहीत होतं, मी स्वतः तिचं अंग पुसलं होतं. पण या दोन गोष्टींच्या मधे एक बाई रात्री दोनला आणि चारला उठत होती हे मी कधी जोडून बघितलंच नव्हतं.

एका पानावर रकान्याच्या बाहेर, समासात, दोन ओळी होत्या. "रात्री ३ ला ओरडले. सकाळी माफी मागितली." आणि खाली, "आईंनी डोक्यावर हात ठेवला."

मी ती वही मांडीवर घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. कोणी मला आरोप केला नव्हता. वहिनी तर त्या वहीबद्दल कधी बोललीच नव्हती. मला आधी फक्त एवढंच वाटलं की अगं बाई, केवढं केलंस तू, आणि त्या वाटण्याच्या पाठोपाठ, जणू त्याच दारातून, मी काय केलं होतं ते आत आलं. मावशीचा फोन, मामेबहिणीचा फोन, तो कागद, ते न घेतलेलं नाव. सगळं एकेक करून, तारीखवार. आधीचं रडणं आणि हे यात फरक होता. आधी मी माझ्यासाठी रडले होते, माझं मन हलकं व्हावं म्हणून.

आता शब्दांकडे बघा, मला हे नंतर सुचलं पण सुचल्यापासून डोक्यातून जात नाही. पश्चात्ताप म्हणजे पश्चात् ताप, मागाहून होणारी जळजळ. कृतज्ञ म्हणजे कृत जाणणारा, आपल्यासाठी काय केलंय ते ज्याला माहीत आहे तो, आणि त्याच्या उलट कृतघ्न, केलेलं मारून टाकणारा. निरोपाच्या उपासनेत मी जे केलं त्याला हाच शब्द आहे. पण दुसऱ्याने माझ्यासाठी काय केलं हे बघायला जे डोळे लागतात तेच डोळे मी दुसऱ्याचं काय केलं हे बघायलाही लागतात, ते वेगळे नसतात. म्हणून नुसत्या जळजळीला मी आता पश्चात्ताप मानत नाही, जळजळ तर पकडलं गेलं की कोणालाही होते. ग्रीक नव्या करारात जो शब्द आहे, मेटानोइया, त्याचा अर्थ मन पालटणं, आणि हिब्रूतला शूव म्हणजे सरळसरळ मागे फिरणं.

आणि हिब्रूत अजून एक शब्द आहे जो कळल्यावर मी अक्षरशः खुर्चीत नीट बसले: तोदा. आजही हिब्रू बोलणारी माणसं थँक्यू म्हणायला तोदाच म्हणतात. बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या ७व्या अध्यायात जे उपकारस्तुतीचं अर्पण आहे तेही तोदा. आणि यहोशवाच्या ७व्या अध्यायात आखान नावाच्या माणसाने चोरून लपवलेलं सापडतं तेव्हा लोकांचा पुढारी यहोशवा त्याला म्हणतो, माझ्या मुला, परमेश्वराला गौरव दे आणि त्याच्यापाशी तोदा कर, म्हणजे कबुली दे. एज्राच्या १०व्या अध्यायातही तसंच. एकच शब्द, एकीकडे आभार आणि दुसरीकडे कबुली, कारण दोन्हीत माणूस देवासमोर जे खरं आहे ते तोंडाने म्हणतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर या एका शब्दात आहे.

आता बायबलमधली माणसं. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे येतो, राजाने बथशेबाला घेऊन तिच्या नवऱ्याला, उरीयाला, मारवल्यानंतर, गरिबाची एकुलती कोकरी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो आणि "तूच तो मनुष्य" म्हणतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्या लगेच पुढचं वाक्य आपण घाईत वाचतो. देव पापाचं नाव घेण्याआधी यादी देतो, मी तुला अभिषेक केला, शौलाच्या हातून सोडवलं, घर दिलं, राज्य दिलं, कमी पडलं असतं तर अजून दिलं असतं. आधी काय दिलं ते, मग काय केलंस ते. प्रेषित पौलही रोमकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच म्हणतो, की देवाची दया तुला पश्चात्तापाकडे घेऊन चाललीये हे तुला कळत नाही का. भीती नाही म्हणाला, दया म्हणाला.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचं तर मला फार जवळचं वाटतं. येशूला अटक झाली त्या रात्री त्याने प्रभूला तीनदा नाकारलं ते कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा असताना. शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाने तिथे कोळशाच्या विस्तवाला जो ग्रीक शब्द वापरलाय तो अख्ख्या नव्या करारात दोनच वेळा येतो, एकदा तिथे आणि दुसऱ्यांदा २१व्या अध्यायात, समुद्रकिनारी, पुनरुत्थानानंतर, जिथे येशूने विस्तव पेटवून त्यावर मासे ठेवलेत आणि भाकर आहे. तो पेत्राला आणि सोबतच्या शिष्यांना म्हणतो, या, न्याहारी करा. विचारा ना, काय बोलणं झालं असेल तो घास खाताना, काहीच नसेल झालं. न्याहारी झाल्यावर मग पेत्राला तीनदा तो प्रश्न, माझ्यावर प्रीती करतोस का? आधी जेवू घातलं, मग विचारलं. आणि येशूला पैशासाठी धरून देणारा यहूदा? त्यालाही पस्तावा झाला होता, मत्तय लिहितो. त्याने तीस नाणी परत केली, मी पाप केलं असंही म्हणाला, पण ते याजकांना जाऊन म्हणाला, आणि त्यांनी सांगितलं, आम्हाला काय त्याचं. ज्याच्याकडून दया मिळाली असती त्याच्याकडे तो गेलाच नाही. मला हे वाचताना दरवेळी पोटात तुटतं.

हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी म्हणून १५६३ सालची एक शिकवणी आहे, १२९ प्रश्नांची. तिचे तीन भाग, माणसाची दुर्दशा, सुटका, आणि कृतज्ञता. मला वाटायचं पश्चात्ताप पहिल्या भागात असणार, दुर्दशेत. पण जुना माणूस मरणं आणि नवा जिवंत होणं, म्हणजे खरं मन फिरणं, हे प्रश्न त्यांनी तिसऱ्या भागात ठेवलेत, कृतज्ञतेत. कोणीतरी साडेचारशे वर्षांपूर्वी हे नीट विचार करून तिथे ठेवलं.

येशूच्या आधी आलेला, बाप्तिस्मा करणारा दुसरा योहान थेट पश्चात्ताप करा असंच ओरडत आला हे मी नाकारत नाही, देव कोणाला कुठल्या टोकाने धरेल तो त्याचा प्रश्न.

एक गोष्ट मात्र जरा जोरात सांगते, कारण मंडळीत मी हे होताना बघितलंय आणि ते पाप आहे असं माझं मत आहे. ज्या बाईला घरात मार खावा लागतोय तिला "प्रत्येक गोष्टीत उपकारस्तुती करा" हे वचन ऐकवून गप्प बसवायचं नाही. या वचनात पौलाने सर्व स्थितीत असं लिहिलंय, सर्व गोष्टींबद्दल असं लिहिलेलं नाही. तसंच कोणी माफी मागितली की समोरच्याने त्याच मिनिटाला माफ केलंच पाहिजे, नाहीतर तोच कठोर, हेही चालणार नाही. माफी मागणं माझं काम आहे, तिचं उत्तर कधी आणि कसं यायचं ते तिचं.

मग मी वहिनीकडे गेले. फोन नाही, मेसेज नाही, गेले. मत्तयच्या ५व्या अध्यायात प्रभू म्हणतो ना, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा. देवाने माफ केलंय मग माणसाकडे कशाला, असं जे विचारतात त्यांना मी हेच वचन दाखवते. मी तिला म्हटलं, "वहिनी, मी मावशीला सांगितलं की आईकडे तुझं लक्ष नाही. मामेबहिणीलाही सांगितलं. ते खोटं होतं. आणि त्या दिवशी तुझं नाव मी मुद्दाम घेतलं नाही." वही टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "आईची पाठ शेवटपर्यंत स्वच्छ होती ती तुझ्यामुळे."

ती बराच वेळ वहीकडेच बघत होती. मग म्हणाली, "नाव घेतलं नाहीस ते माझ्या लक्षात आहे." एवढंच. माफ केलं वगैरे नाही म्हणाली आणि मला ते बरोबर वाटलं.

बायबलातल्या गणना पुस्तकाच्या ५व्या अध्यायात नियम आहे की ज्याचं नुकसान केलं त्याला पूर्ण भरून द्यायचं आणि वर पाचवा हिस्सा, येशू भेटल्यावर जकातदार जक्कयाने तर चौपट परत देतो म्हटलं. पैशाचं असतं तर सोपं होतं. मी मावशीला आणि मामेबहिणीला फोन केले, दोघींना सांगितलं की मी तेव्हा खोटं बोलले होते, मावशी म्हणाली जाऊ दे गं आता, मी म्हटलं नाही मावशी, ऐकून घे. आणि आईच्या वर्षाच्या प्रार्थनेला उभी राहिले तेव्हा पहिलं नाव वहिनीचं घेतलं, रात्री २ आणि रात्री ४ चं सांगितलं. ती मान खाली घालून बसली होती, भाऊ रडत होता.

आता आम्ही बोलतो. पूर्वीपेक्षा कमी बोलतो पण खरं बोलतो.

हे सगळं इथे लिहिण्याआधी मी तिला फोन करून विचारलं. वहीचं लिहू का, लिही म्हणाली. मग घाबरतच विचारलं, ते रात्री ओरडल्याचं पण लिहू का? पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "लिही. पण त्याच्या खालची ओळ सोडू नकोस."