चौसष्ट मिनिटांचा तुकडा

काल रात्री साडेनऊला आमच्या लॅबच्या टेक्निशियन आजोबांना थँक यू म्हणताना माझा गळाच दाटून आला, म्हणून हे लिहायला बसलेय.

हॅमिल्टन म्हणजे कॅनडाचं जमशेदपूर समजा. इथे लॅबमध्ये हायड्रोजनची भट्टी चालू असली की दोन माणसं हजर पाहिजेतच, एकट्याने चालवायची नाही म्हणजे नाही. मला या नियमाचा एवढा राग यायचा! कोल्हापूरला आमच्या काकांनी फाउंड्रीत रात्र रात्र एकट्याने हीट (वितळलेल्या धातूचा घाणा) काढलीय, ग्राइंडरची ठिणगी बघून कार्बन किती ते सांगायचे आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं, मग मला इथे राखणदार कशाला?

माझं काम मँगनीजच्या पोलादात फेराइट (लोखंडाचं मऊ, जवळजवळ कार्बन नसलेलं रूप) किती वेगाने वाढतं त्याचं मॉडेल बनवायचं. आठशे अंशांच्या आसपास ओल्या (पाण्याची वाफ मिसळलेल्या) हायड्रोजनमध्ये पोलादाचा तुकडा ठेवला की कार्बन पृष्ठभागावरून निघून जातो आणि फेराइटचा थर बाहेरून आत सरकतो. जाडी वेळेच्या वर्गमुळाने वाढायला हवी, म्हणून मी १, ४, १६ आणि ६४ मिनिटांचे तुकडे घेते, प्रत्येक वेळी थर दुप्पट झाला पाहिजे. कार्बन चिमुकला, पटकन पळतो, पण मँगनीज जागचं फारसं हलत नाही. ते अजिबात हलतच नाही असं धरून हुल्टग्रेन या धातुशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये पॅराइक्विलिब्रियम नावाचं गणित मांडलं. दुसरं गणित म्हणतं की थराच्या सरकत्या सीमेच्या पुढ्यात मँगनीजचा अगदी पातळ ढीग साचतो आणि थराचा वेग कमी होतो. माझे आकडे दोन्हींच्या मधेच पडतात! मला वाटतं सीमा स्वतःच मँगनीज ओढून धरते आणि ते ओढत नेण्यात तिची ताकद खर्च होते, पण ते दाखवायला कालचा ६४ मिनिटांचा तुकडा हवाच होता.

आणि नेमकी काल भट्टीवर माझ्यासोबत थांबणारी मुलगी आजारी पडली. आजोबांची ड्युटी पाचला संपलेली, तरी डबा उघडून बसून राहिले, तुकडा पाण्यात टाकताना घड्याळ त्यांनीच धरलं. नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक ॲसिड) लावल्यावर मायक्रोस्कोपखाली फेराइटचा पांढरा पट्टा सरळ रेघेसारखा दिसला, तर माझ्याआधी तेच "ब्यूटिफुल" म्हणाले.

काकांना कमी लेखत नाहीये मी, त्यांच्याएवढी नजर इथे कुणाकडे नाही. पण त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग आहे, आणि त्या रात्री शेजारी कुणीच नव्हतं.

आज रात्री काकांना फोटो पाठवणार आहे, पट्ट्याचा आणि आजोबांचा पण.