तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना मोबाईलवर बोलायला का लावते?

"मॅडम, इंग्रजी बोलायला शिकवायचं तर पोरांना वर्गात उभं करा की! रेकॉर्डिंग कशाला मागवता?" पालकसभेत, कोल्हापूरच्या राजारामपुरीत भाजी घेताना, हा प्रश्न मला हमखास येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वर्गात उभं करतेच. पण हिशोब बघा. साठ मुलं आणि अठ्ठेचाळीस मिनिटांचा तास. मी चकार शब्द न काढता सगळा तास त्यांना दिला, तरी एकेकाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. जे येतं तेही पुढच्या बाकांवरचीच घेतात. राधानगरी, भुदरगडकडून पहाटेची एसटी धरून येणारी पोरं मागं मान खाली घालून बसतात. त्यांना चारचौघांत चुकायची धास्ती असते.

म्हणून मी त्यांना घरून मोबाईलवर बोलून रेकॉर्डिंग पाठवायला सांगते. विषय साधे देते. परगावच्या पाहुण्याला बिंदू चौकातून रंकाळ्याला कसं जायचं ते मिनिटभरात सांगा, असा. एका मुलीनं पाठ केलेलं एका दमात म्हणून पाठवलं. मागं गोठ्यातल्या म्हशीचं रेकणं स्पष्ट येत होतं. ते मी तिलाच ऐकायला लावलं. "मॅडम, ह्यो माझा आवाजच नव्हं!" सगळ्यांना तसंच वाटतं. बोलताना आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही पोचतो, रेकॉर्डिंगमधला फक्त हवेतून. आणि आवाज परका वाटला की त्यातल्या चुकाही चटकन कानाला लागतात. 'वेस्ट' आणि 'व्हेरी' ती एकाच 'व'नं म्हणत होती. पहिल्याला ओठ गोल, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर, हे फळ्यापाशी मी कितीदा तरी सांगितलं होतं. कळलं ते तिला स्वतःचं ऐकून. तिनं आपण होऊन पुन्हा बोलून पाठवलं. माझ्यापर्यंत येतं ते शेवटचं रेकॉर्डिंग. त्याआधी बोलून, ऐकून, पुसून टाकलेली सगळी, तीच खरी प्रॅक्टिस. ती वर्गात होऊच शकत नाही.

साधन कुठलं, हाही प्रश्न असतो. व्होकारू ही आवाज रेकॉर्ड करायची वेबसाइट मला आवडते: खातं काढायला नको, बटण दाबा, बोला, लिंक पाठवा. व्हॉइसथ्रेडवर एका चित्राभोवती सगळ्यांचे आवाज जमतात, पण खेड्यातल्या नेटवर्कवर ते जड जातं. मुलांनी छोटे व्हिडिओ रेकॉर्ड करून पाठवायचं फ्लिपग्रिड मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये घेतलं, पुढं त्याचं नाव फ्लिप झालं, आणि २०२४ मध्ये ते वेगळं ॲप म्हणून बंद झालं. त्यामुळं मी कुठल्याच साधनावर सगळी भिस्त ठेवत नाही. बहुतेक कामाला व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट पुरते. ती २०१३ पासून आहे आणि घरात सगळ्यांना वापरता येते. अनेक घरांत स्मार्टफोन एकच असतो, तोही वडिलांबरोबर रात्री घरी येतो. म्हणून मुदत दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत.

मुलींच्या पालकांची काळजी रास्त आहे. रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकायचं नाही, थेट मला पाठवायचं. वर्गात ऐकवायचं तर आधी तिला विचारते. नको म्हणाली तर विषय संपला. उत्तरही मी बोलूनच देते: एक गोष्ट चांगली जमली ती, एक सुधारायची ती. त्याला मार्क नाहीत.

समोरासमोरचं बोलणं यानं सुटत नाही. मुलाखतीत समोरचा मधेच अडवून विचारतो, तिथं पुसून पुन्हा बोलता येत नाही. म्हणून त्याच विषयावर पुढच्या तासाला जोड्या लावते. एकजण पाहुणा, एकजण वाट सांगणारा, आणि पाहुण्यानं मधे मधे प्रश्न विचारायचेच.