आमटी खारट, जीभ शाबूत

‘तोंडाची चव गेली’ म्हणून माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं दुखणं नाकात असतं. अशाच आलेल्या एक बाई जेवणाचे डबे पुरवायच्या. भाजी खारट आणि तिखटजाळ असते अशी गिऱ्हाइकांची कुरकुर, आणि बाईंना मात्र सगळं मिळमिळीत लागायचं. सर्दी नाही, कोविड नाही. खोदून विचारल्यावर कळलं, मोरीत पाय घसरून डोकं मागून आपटलं होतं. जखम नव्हती, म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं.

आधी जीभ तपासली. साखरेचं, मिठाचं, लिंबाचं पाणी आणि कडूसाठी काडेचिराईत. दर वेळी चूळ भरायला लावली. चारही बिनचूक ओळखले. मग डोळे मिटून, एकेक नाकपुडी दाबून कॉफी, लवंग, हिंग. काहीच नाही! शेवटी नवसागर-चुन्याची (त्यातून अमोनिया सुटतो) बाटली नाकाशी धरली, तशी मान झटकन मागे गेली. अमोनिया झोंबतो तो चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेमुळे, वासाच्या नाही. मिरचीची आगही तीच नस पोचवते. अमोनियालाही ‘काही नाही’ म्हणणाऱ्याबद्दल मात्र मला शंका येते. नुकसानभरपाईच्या दाव्यांत असे पेशंट भेटतात.

दुर्बिणीत नाक मोकळं दिसलं; सूज नाही, पॉलिप (नाकात वाढणारा मऊ कोंब) नाही. वासाचे बारीक तंतू नाकाच्या छतातल्या सच्छिद्र हाडातून मेंदूत जातात. डोकं आपटलं की मेंदू कवटीत हिसका खातो आणि ते तंतू तिथेच तुटतात. ते पुन्हा वाढू शकतात, पण छिद्रात व्रण धरला तर वाट बंद होते. त्यामुळे ‘येईलच’ असं सांगता येत नाही.

घास चावताना त्याचा वास घशामागून नाकात चढतो. आमटीतला गोडा मसाला, कोथिंबीर ओळखू येते ती त्यामुळे. तेवढं गेल्यावर उरतं खारट, आंबट, गोड, तिखट. बाईंचा हात नेमका त्याच डब्यांकडे जात होता. उपाय साधा: मीठ आणि तिखट चाखून नाही, मोजून घालायचं. चहाचा सपाट चमचा मीठ म्हणजे साधारण 5-6 ग्रॅम. फोडणी मोहरीच्या तडतडण्यावर आणि लसणाच्या रंगावर. उरलेल्या अन्नाच्या डब्यांवर तारीख, कारण ते आंबल्याचा वास कळणार नाही.

खरी धास्ती गॅसची. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळून तो आणलेला असतो. यांना तोही येईना. हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून डिटेक्टर जमिनीपासून वीतभर-दीड वीत उंचीवर लावायचा. पाइपचा गॅस हलका, तिथे तो छताजवळ. उलटं लावलेलं सर्रास दिसतं.

वास पुन्हा यावा म्हणून करायच्या सरावासाठी गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने 2009 मध्ये मांडलेली ही पद्धत. गडद बाटलीत कापूस, त्यावर तेलाचे दोन-तीन थेंब; प्रत्येक वास दहा सेकंद, सकाळ-संध्याकाळ, निदान 12 आठवडे. हुंगताना तो वास मनात आठवायचा. टीव्ही बघत हुंगणं फुकट.

काही महिन्यांनी बाई वैतागून आल्या: परतलेल्या कांद्याला जळक्या रबराचा वास येतो. बऱ्याच जणांना या टप्प्यावर सराव सोडावासा वाटतो. पण तुटलेले तंतू पुन्हा जुळताना वास असे विकृत होतात, आणि काहीच न येण्यापेक्षा ते बरं. सराव चालू ठेवायला सांगितलं, कांदा-लसूण परतायचं काम सुनेकडे दिलं आणि त्यांना जेवण गरमागरम न घेता कोमट करून घ्यायला सांगितलं, कारण वाफेबरोबर वास जास्त उठतो.