तुम्ही विचारलंत म्हणून: सोळाशेचं टायमिंग कमी कसं करायचं?

फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्याकडे परतलो तेव्हापासून एकच प्रश्न कानावर येतो. पोरं विचारतात, त्यांचे वडील विचारतात, हल्ली पोरींच्या आयाही विचारतात. सोळाशे मीटर पळणं पाच मिनिटं पन्नास सेकंदांना अडकलंय, साडेपाच मिनिटांच्या आत कसं आणायचं? ग्राउंडवर उभ्या उभ्या सांगून हे पुरत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एवढा आटापिटा कशासाठी ते बघा. सैन्याच्या अग्निवीर भरतीच्या मैदानी चाचणीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारलं की ६० गुण. ५:३१ ते ५:४५ मध्ये आलात की ४८. एका सेकंदात बारा गुण गेले. २०२५ पासून शेवटची मुदत ६:१५ पर्यंत नेली आहे, त्यामुळे पूर्वी जी पोरं वेळ संपल्यावर शेवटच्या रेषेवर धरलेल्या रस्सीच्या मागे अडकून घरी जायची त्यातली काही आता आत येतात. पण वेळ वाढत जाईल तसे गुण घसरतातच. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीतही मुलांना सोळाशे आहेच, तिथं ५० पैकी २० गुण त्याचेच. तेव्हा ‘धरलं तर बरं’ अशी ही गोष्ट नाही, घराचं नशीब पालटणारी आहे.

आता उत्तर. पाच-पन्नासला अडकलेल्या दहा पोरांना विचारलं की रोज काय करता, तर नऊ जणांचं उत्तर ठरलेलं असतं: रोज पहाटे जीव तोडून सोळाशे मारतो आणि टायमिंग लावतो. अडचण नेमकी इथेच आहे. रोज पेपरच देत बसलात तर अभ्यास कधी करणार? सोळाशे मीटर पळताना शरीराला जी ताकद लागते तिचा तीन-चतुर्थांशाहून मोठा वाटा आत घेतलेल्या ऑक्सिजनवर चालतो. म्हणजे ही दमाची शर्यत आहे, आणि दम वाढतो तो सावकाश, लांब पळण्यानं. रोज पूर्ण जोरात पळणाऱ्याचे पाय कायम थकलेले असतात आणि दम आहे तिथेच राहतो. सुरुवातीचे काही आठवडे टायमिंग उतरतं, मग एका जागी बसतं, आणि पोरगं स्वतःलाच दोष देत आणखी जोर लावतं.

म्हणून आठवड्यातले तीन दिवस सावकाश पळा. सहा ते आठ किलोमीटर, आणि सोबत्याशी अख्खं वाक्य बोलता येईल इतक्याच वेगानं. पाच-पन्नासवाल्यानं किलोमीटरला साडेपाच ते सहा मिनिटं घेतली तर चालतील. पोरांना याची लाज वाटते. शेजारून कुणी जोरात गेलं की यांचा वेग आपोआप वाढतो. वाढवू नका. आमच्याकडे यवतेश्वरच्या घाटात रोज पहाटे हे बघायला मिळतं: जो चढावर सगळ्यांना मागे टाकून वर जातो, तोच पुढच्या आठवड्यात नडगी धरून बसलेला असतो.

आठवड्यातून दोन दिवस मात्र कठीण काम. साडेपाच मिनिटं म्हणजे ३३० सेकंद. चारशेच्या चार फेऱ्या, एकेक साडेब्याऐंशीची. हा आकडा पायात बसला पाहिजे. एक दिवस चारशेच्या पाच-सहा फेऱ्या ब्याऐंशीत मारा, मधे दोन मिनिटं चालत राहा, बसू नका. पहिली सत्तरला आणि शेवटची पंच्याण्णवला, असं झालं तर त्या दिवसाचा सराव वाया गेला. सगळ्या सारख्या वेळेत आल्या पाहिजेत. दुसऱ्या दिवशी दोनशेच्या आठ फेऱ्या अडतीस-एकोणचाळीसला, किंवा शंभरेक मीटरच्या चढावर जोरात वर जाऊन चालत खाली यायचं. एक दिवस पूर्ण विश्रांती, आणि उरलेल्या दिवशी बीम (म्हणजे आडव्या दांड्यावरचे पुलअप्स), पोट-पाठीचे व्यायाम. टायमिंग लावायचं ते दोन-तीन आठवड्यांतून एकदाच.

या सगळ्याला वेळ लागतो. भरतीची जाहिरात निघाल्यावर पळायला लागलेल्याला हे पुरत नाही. तीन-चार महिने हाताशी ठेवा. अविनाश साबळेचं उदाहरण पोरांना माहीत असतं, पण अर्धंच. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा पोरगा बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचिनला राहिला, आणि मग २०१५ मध्ये सैन्यातल्याच क्रॉस कंट्रीतून धावण्यात आला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं (अडथळ्यांच्या शर्यतीचं) रौप्य त्यानं ८:११.२० ला आणलं. मधली सात वर्षं कुणी मोजत नाही.

फेऱ्यांच्या हिशेबाचं एक उदाहरण देतो. एका पोराचं टायमिंग पाच-पन्नास येत होतं. मी प्रत्येक फेरीला घड्याळ धरलं: ७२, ८५, ९६, ९७. बेरीज ३५०. पहिल्या फेरीत तो साडेदहा सेकंद ‘कमवत’ होता आणि पुढच्या तीन फेऱ्यांत तीस सेकंद घालवत होता. त्याला दम नव्हता असं नाही, तो पहिल्याच फेरीत जाळत होता. दीड-दोन महिने वर सांगितलेला सराव केल्यावर त्याच्याच फेऱ्या आल्या ८०, ८३, ८४, ८०. बेरीज ३२७, म्हणजे पाच-सत्तावीस. यातली तिसरी फेरी बघा. पहिलीत उत्साह असतो, शेवटचीत रस्सी दिसते, तिसरीत काहीच नसतं. रॉजर बॅनिस्टरनं ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डमध्ये पहिल्यांदा चार मिनिटांच्या आत मैल मारला, आणि मैल म्हणजे आपलं सोळाशेच, वर नऊ मीटर. त्याचीही सगळ्यात संथ फेरी तिसरीच होती. म्हणून सरावात तिसऱ्या चारशेला मुद्दाम थोडा जोर लावायची सवय करा.

अंतर नीट मोजा हेही सांगतो, कारण इथे पोरं फार फसतात. मोटरसायकलच्या काट्यावर मोजलेलं सोळाशे खरं नसतं. शाळेच्या मैदानावर टेपनं मोजून फक्की मारून घ्या, किंवा तालुक्याच्या क्रीडा संकुलात जाऊन चारशेच्या ट्रॅकवर तपासा. दोनशेच्या मैदानावर वळणं आवळ असतात, तिथलं टायमिंग मोठ्या ट्रॅकवर दोन-चार सेकंदांनी सुधारतंच.

आता प्रत्यक्ष भरती मेळाव्याबद्दल, कारण घरचं पाच-पंचवीस तिथं पाच-चाळीस होतं. रात्रभर रांग, कागदपत्रं, उंची, आणि मग अंधारात फ्लडलाइटखाली शंभर-दीडशेची तुकडी एकदम सुटते. सगळे आतली लेन धरायला धडपडतात, कोपर लागतं, मागच्याचा बूट टाचेवर पडतो. तुम्ही घाबरून बाहेरून काढायला जाता. वळणावर एक लेन बाहेर राहिलं की प्रत्येक फेरीला साडेसात मीटरच्या आसपास जास्त पळावं लागतं. चार फेऱ्यांत तीस मीटर, म्हणजे सहा सेकंद. तुमच्या साठ गुणांचे अठ्ठेचाळीस करायला तेवढे पुरतात. तेव्हा सुरुवातीला पुढच्या दोन ओळींत उभे राहा, पहिले पन्नास मीटर जोरात काढा, मग आतल्या कडेला येऊन आपला वेग धरा. कुणाला ओलांडायचं तर सरळ पट्टीवर ओलांडा, वळणावर नाही. सरावातही दहा-पंधरा जणांनी एकत्र सुटायची सवय लावा. एकट्यानं पळून ही धक्काबुक्की कळत नाही.

मेळाव्याच्या आठ दिवस आधी पळणं निम्म्यावर आणा. नवे बूट त्या दिवशी घालू नका. आदल्या रात्री भात-वरण, भाकरी-भाजी, जे रोज खाता तेच. पळायच्या तासभर आधी एक केळं किंवा दोन-चार खजूर, घोट घोट पाणी. एरवीही अंडी, दूध, डाळ, उसळ, शेंगदाणे-गूळ यांच्यावर उत्तम टायमिंग येतं. पावडरच्या डब्याला पैसे घालायची गरज नाही.

आणि हे मी हात जोडून सांगतो: मैदानावर कुणीतरी हळूच एखाद्या इंजेक्शनचं, गोळीचं नाव सांगतं. ‘दम लागत नाही, पाय दुखत नाहीत.’ त्या माणसाजवळ थांबू नका. उत्तेजक घेऊन जीव तोडून पळताना हृदय बंद पडू शकतं, आणि अंगात पाणी कमी असताना वेदनाशामक गोळ्या किडनीला मारतात. नडगी आठवड्याहून जास्त दुखत असेल, बोटानं एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, तर ते हाडाला गेलेली बारीक चीर असू शकते. तिथं गोळी घेऊन पळायचं नसतं, डॉक्टरला दाखवून पाय थांबवायचा असतो. एक भरती हुकली तर पुढची येते.

मुलींना महिला मिलिटरी पोलीससाठी हेच अंतर आहे, पहिल्या गटात यायला साडेसात मिनिटांच्या आत पळावं लागतं. सराव हाच, फक्त फेरीचा आकडा ११२ सेकंदांचा धरा. एक गोष्ट आधी करा: हिमोग्लोबिन तपासून घ्या. कितीतरी पोरी सराव मनापासून करतात, पण रक्तच कमी असल्यानं दम पुरत नाही, आणि घरचे म्हणतात पोरीला झेपत नाही.

पहाटे रस्त्यावर पळणाऱ्यांनी फिकट रंगाचा शर्ट घाला, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या बाजूनं पळा, कानात काही घालू नका. ऊसतोडीच्या दिवसांत विनादिव्याच्या ट्रॉल्या असतात.

शेवटच्या दोनशेला घड्याळ बघू नका, हात जोरात हलवा, पाय मागोमाग येतात. रस्सी ओलांडून दहा पावलं पुढे जाईपर्यंत वेग सोडू नका, कारण कितीतरी पोरं रस्सीच्या अलीकडेच ढिली पडतात. पोचल्यावर आडवे होऊ नका, चालत राहा, हात-खांदे सैल करा. थोड्याच वेळात बीमला बोलावतात, आणि तिथं दहा पुलअप्सना चाळीस गुण आहेत.