स्वसंरक्षणासाठी पिस्तूल: आमच्या विनामूल्य वर्गाची या हंगामाची नोंद

ह्यूस्टनच्या पश्चिमेकडील उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी चालवीत असलेल्या विनामूल्य पिस्तूल-वर्गाची रचना या हंगामात बदलली. त्या बदलातून काय हाती आले, हे इतरत्र असे वर्ग घेणाऱ्या किंवा घेऊ इच्छिणाऱ्या नेमबाजांसाठी लिहून ठेवीत आहे. वर्ग आता दोन भागांत होतो. पहिल्या संध्याकाळी वसाहतीच्या सभागृहात खरे पिस्तूल किंवा जिवंत काडतूस आणण्यास पूर्ण मनाई असते आणि सर्व शिक्षण निळ्या प्लास्टिकच्या प्रतिकृतींवर चालते. गोळीबार होतो तो दुसऱ्या भागात, रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, आणि तोही तुलनेने थोडा. टेक्ससमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून, कायद्याने अपात्र नसलेल्या 21 वर्षांवरील व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येते. परवाना अजूनही मिळतो, परंतु तो आणि म्हणून त्यासाठीचे शिक्षणही आता ऐच्छिक झाल्यामुळे घरात पिस्तूल आधी येते आणि ते हाताळायला शिकणे पुढे ढकलले जाते. आमच्यासारख्या वर्गाची खरी गरज या मधल्या काळात आहे.

मराठी मंडळींसाठी वर्ग घेताना सर्वांत आधी व्हिसाचा प्रश्न सोडवावा लागतो, आणि त्याकडे दुर्लक्ष करणे मला घोर बेजबाबदारपणाचे वाटते. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन किंवा पर्यटक अशा तात्पुरत्या मुक्कामाच्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस ताब्यात ठेवता येत नाही, आणि रेंजवर भाड्याने घेतलेले पिस्तूल काही मिनिटे हातात धरणे हेही ताब्यात ठेवणेच ठरते. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही बंदी लागू नाही. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद कायद्यात आहेत, परंतु त्यांच्या भरवशावर मी कोणाच्याही हातात पिस्तूल देत नाही. अशा व्यक्तीने आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. भारतातून चार-सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना हौसेने रेंजवर नेऊन एकदा बार काढू देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. ती थांबली पाहिजे, म्हणून नावनोंदणीच्या वेळीच हा नियम स्पष्ट शब्दांत सांगतो. व्हिसावर असलेले सर्वजण पहिल्या संध्याकाळी आनंदाने येऊ शकतात, आणि येतातही. याच ओघात आणखी एक सूचना देतो: रेंजची पिशवी स्वतंत्र ठेवावी आणि ती प्रवासासाठी कधीही वापरू नये, कारण पिशवीच्या कोपऱ्यात राहून गेलेले एखादे काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडले, तर 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

अमेरिकी नेमबाजी-प्रशिक्षक जेफ कूपर यांनी रूढ केलेले सुरक्षेचे चार नियम आपणां सर्वांना पाठ आहेत: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजावी, जे नष्ट करायचे नाही त्याच्यावरून नळीचे तोंड जाऊ देऊ नये, नेम लागेपर्यंत बोट चापावर नेऊ नये, आणि लक्ष्य व त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करावी. ते म्हणून दाखवणे सोपे असते. परंतु निळी प्रतिकृती टेबलावरून उचलणे, शेजाऱ्याच्या हाती देणे, परत ठेवणे आणि मागून कोणी हाक मारली तर नळी खाली व पुढेच ठेवून केवळ मान वळवणे, एवढ्याच क्रिया तासभर करून घेतल्या, की नियम डोक्यातून हातात उतरू लागतात. या तुकडीत तो फरक रेंजवर स्पष्ट दिसला. वर्ग मराठीत असला, तरी रेंजवरील हुकूम मात्र इंग्रजीतच शिकवतो, कारण ‘सीझ फायर’ (गोळीबार थांबवा) हे शब्द तेथील अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकू येणार असतात आणि त्या क्षणी कोणालाही विचार करावा लागता कामा नये.

कपड्यांबाबतची सूचना क्षुल्लक वाटेल, पण ती आता नावनोंदणीच्या पत्रातच असते. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलातून उडणारी काडतुसाची रिकामी पुंगळी चांगलीच गरम असते. ती उघड्या गळ्याच्या कुर्त्यात पडली, तर माणूस दचकून हातातील पिस्तुलासह गर्रकन वळतो. म्हणून बंद गळ्याचा सदरा आणि पुढून बंद असलेली पादत्राणे अनिवार्य आहेत, आणि ओढणी घरी ठेवावी लागते. कानांसाठी आतील बोळे आणि वरून मफ अशी दुहेरी व्यवस्था करतो. नऊ मिलिमीटर पिस्तुलाचा आवाज साधारण 160 डेसिबलपर्यंत जातो, आणि बंदिस्त रेंजमध्ये तो भिंतींवरून परत येतो. नवशिक्याला दचकायला लावण्यात धक्क्याइतकाच या आवाजाचा वाटा असतो, हे माझे ठाम निरीक्षण आहे.

आता प्रत्यक्ष नेमबाजीविषयी. उजव्या हाताने मारणाऱ्या नवशिक्यांच्या गोळ्या लक्ष्याच्या खाली डावीकडे पडतात, हे आपण सर्वजण पाहतो. त्यांची माशी, म्हणजे नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असलेला उंचवटा, बहुधा बरोबर जागीच असते. बार होण्याच्या क्षणभर आधी मनगट खाली दाबले जाते आणि सगळी मूठ एकदम आवळली जाते. हे शब्दांनी सांगून पटत नाही. त्यासाठी जोडीदाराने मॅगझिनमध्ये जिवंत काडतुसांच्या मध्ये, मारणाऱ्याला न कळेल अशा क्रमाने, नकली काडतुसे भरावीत. नकली काडतूस आले, की बार होत नाही, पण नळी मात्र झटकन खाली जाते आणि ती मारणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. यानंतर जिवंत काडतुसे बाजूला ठेवून पुन्हा कोरडा सराव, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढण्याचा सराव, घ्यावा. पुढील माशीजवळ, स्लाइडच्या (पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या) सपाट पाठीवर एक नाणे ठेवायचे आणि ते न पाडता चाप सरळ मागे, एकसारख्या दाबाने ओढायचा, नजर माशीवर स्थिर आणि लक्ष्य किंचित अंधुक. घरी हा सराव करताना खोलीत एकही जिवंत काडतूस नसावे, नळीची दिशा गोळी अडवू शकेल अशा भिंतीकडे असावी, आणि सराव संपला की तो संपला असे मोठ्याने म्हणून मगच पिस्तूल कुलूपबंद करावे. या हंगामात पहिल्यांदा मारणाऱ्या प्रत्येकाला आधी .22 च्या, म्हणजे लहान काडतुसाच्या आणि कमी धक्क्याच्या, पिस्तुलावर बसवले आणि मूठ व चाप स्थिरावल्यावरच नऊ मिलिमीटर हाती दिले. त्यामुळे दचकण्याची सवय लागण्याआधीच चापाची सवय लागली. एक सावधगिरी मात्र हवी: .22 च्या अनेक पिस्तुलांत रिकामा चाप ओढल्याने फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी खीळ) किंवा चेंबरची (काडतूस बसते त्या खोबणीची) कड खराब होऊ शकते, तेव्हा माहितीपुस्तक पाहावे आणि योग्य नकली काडतूस वापरावे.

अंतराच्या बाबतीत टेक्ससच्या परवाना-चाचणीचाच आराखडा घेतो, म्हणजे 3 यार्डांवर 20, 7 यार्डांवर 20 आणि 15 यार्डांवर 10 गोळ्या. 250 पैकी 175 गुण मिळाले, की उत्तीर्ण. ही पातळी फार उंच नाही आणि ती ओलांडली म्हणजे स्वसंरक्षण आले, असे कोणी समजू नये. परंतु आपण कोठे उभे आहोत हे शिकणाऱ्याला त्यातून प्रामाणिकपणे कळते. या तुकडीतील बहुतेकांनी 7 यार्डांवर समाधानकारक मारले, 15 यार्डांवर मात्र चापाची घाई पुन्हा डोके वर काढते.

कायद्याचा तास एका वकील मैत्रिणीकडे सोपवला आहे. टेक्ससच्या दंडसंहितेतील नववे प्रकरण ती उदाहरणांनी समजावते: प्राणघातक बळाचा वापर तत्काळ आवश्यक आहे, असे वाजवी कारणाने वाटले पाहिजे, आणि केवळ शब्दांनी डिवचले गेल्यामुळे बळाचा वापर समर्थनीय ठरत नाही. रस्त्यावरील गाडीवाल्याची शिवीगाळ, शेजाऱ्याशी कुंपणावरून झालेला वाद किंवा अंगणातून पळणारा भुरटा चोर, यांपैकी प्रत्येक प्रसंगी पिस्तुलाकडे हात जाऊ नये, हे शिकवणे मला पकड शिकवण्याहून महत्त्वाचे वाटते.

घरातील साठवणुकीवर मी सर्वाधिक वेळ देतो आणि यापुढेही देणार आहे. टेक्ससमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक 17 वर्षांखालील मुलाच्या हाती लागली, तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा ठरतो. पण गुन्हा नसता, तरी आपल्या घरांत सुट्टीच्या दिवशी दहा घरची मुले सगळ्या खोल्यांतून धावत असतात, याची आठवण पुरेशी असावी. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. हे वाक्य उच्चारल्यावर सभागृहात शांतता पसरते, कारण आपल्या समाजात मनाच्या आजाराविषयी आणि परीक्षांच्या ताणाविषयी घरातही मोकळेपणाने बोलले जात नाही. घरात कोणी खचलेले असेल, तर त्या काळापुरते पिस्तूल घराबाहेर सुरक्षित ठिकाणी ठेवावे, आणि मानसिक संकटात मदत देणारा 988 हा क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावा, एवढे सांगून मी पुढे जातो. तिजोरीचा सांकेतिक क्रमांक मुलांना, तसेच कायद्याने अपात्र असलेल्या पाहुण्यांना ठाऊक नसावा. हा विभाग ऐकल्यावर काही जोडप्यांनी पिस्तूल न घेण्याचा निर्णय घेतला, आणि वर्गाच्या दृष्टीने तेही चांगले फलित आहे.

रक्तस्राव थांबवण्याचे शिक्षण यंदा प्रथमच जोडले. जखमेवर थेट दाब देणे, खोल जखमेत कापड घट्ट भरणे आणि हातापायावर टूर्निके (रक्तप्रवाह रोखणारा आवळपट्टा) बांधणे ही तीन कामे ‘स्टॉप द ब्लीड’ या उपक्रमाच्या पद्धतीने शिकवली. रेंजच्या पिशवीत टूर्निके नसेल, तर त्या पिशवीला मी अपुरी समजतो.

पुढील तुकडीसाठी अंधारातील ओळख हा विषय तयार करीत आहे. रात्री दार वाजले तर बाहेर कोण आहे, हे पाहण्यासाठी पिस्तुलावर बसवलेला दिवा वापरणे म्हणजे ज्याला पाहायचे त्याच्यावर नळी रोखणे होय. म्हणून डाव्या हातातील वेगळ्या टॉर्चने पाहणे, मोठ्याने विचारणे, 911 या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन करणे आणि दार लावून आत थांबणे, हा क्रम सभागृहातील दिवे घालवून निळ्या प्रतिकृतींवर करून घेणार आहे. त्यासाठी पुठ्ठ्यावर माणसांची पूर्णाकृती छायाचित्रे चिकटवत आहे: कोणाच्या हातात फोन, कोणाच्या हातात पाण्याची बाटली, कोणाच्या हातात चाकू, आणि एक उशिरा घरी परतलेल्या कॉलेजातील मुलाचे, किल्ली शोधीत उभ्या असलेल्याचे.