खारपाणपट्ट्यातला समुद्र

आमचं शोभेच्या माशांचं दुकान दर्यापूर तालुक्यात आहे, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. गोड्या पाण्याच्या माशांसोबत समुद्री माशांचे टँक ठेवायला घेतले, तेव्हा गावातली माणसं विचारायची, "बोअरचं पानी खारंच हाये, मंग मीठ काऊन इकत आनता भाऊ?" हा खारेपणा समुद्राचा नाही, हे समजावण्यातच पहिलं वर्ष गेलं. आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ विरघळवायचं, म्हणजे पाणी बदलायचं तर खर्च आलाच. ग्राहक टाळाटाळ करतात. मग पाणी पिवळट होतं, दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ चढतं.

त्यावर उपाय शोधताना हायड्रोजन पेरॉक्साइड हाती लागलं. ते पाण्यातली सेंद्रिय घाण जाळतं, शेवाळाला कमजोर करतं आणि शेवटी त्याचं पाणी नि ऑक्सिजन होतो. आम्ही ४० लिटरला ३ टक्क्यांचं १ मिली एवढंच देतो, तेही पंपाच्या प्रवाहात, हळूहळू.

हे प्रमाण पाळण्यात मी एकदा चुकलो. मेडिकलमधल्या बाटलीवर '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं होतं. ते म्हणजे जवळपास ६ टक्के, हे मी ध्यानातच घेतलं नाही. एका ग्राहकाच्या २०० लिटरच्या टँकमध्ये ५ मिली टाकलं, म्हणजे दुप्पट मात्रा गेली, आणि टाकलंही एकदम. सकाळी दोन क्लीनर झिंगे मेलेले. मासे ठणठणीत होते, पण झिंग्यांना हे औषध सोसत नाही. मी स्वतः जाऊन चूक सांगितली, नवे झिंगे दिले. आता बाटली दुकानात आली की आधी औषध जेवढं तेवढंच आरओचं पाणी घालून ३ टक्के करतो, चिठ्ठी लावतो, मगच सिरिंज हातात. झिंगे असलेल्या टँकला निम्म्या मात्रेनंच सुरुवात.

आणखी एक भ्रम होता. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी, त्यात रात्री लाइट जाते. वाटलं, पेरॉक्साइड मासे वाचवेल. हिशेब मांडला तर ३ टक्क्यांच्या ५ मिलीतून जेमतेम ५० मिली ऑक्सिजन निघतो. २०० लिटरला तो कुठं पुरणार? म्हणून प्रत्येक समुद्री टँकसोबत बॅटरीवरचा एअर पंप आम्ही सक्तीनं देतो, एखादा ग्राहक कमी झाला तरी चालेल.

नायट्रेट आणि फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, पेरॉक्साइडनं जात नाहीत. उलट मेलेलं शेवाळ तेच खाद्य परत पाण्यात सोडतं. त्यामुळे औषध दिलं की दगड ब्रशनं घासतो, कचरा नळीनं ओढून काढतो आणि दर पंधरवड्याला थोडं पाणी बदलतो. बाटली उन्हाळाभर दुकानाच्या फ्रिजमध्ये असते, मुलांच्या हाती लागू नये म्हणून कुलपात.